कोऱ्या नकाशावरचं भरीत

रस्ता चुकणं ही माझी जुनी सवय. धुळ्याच्या देवपुरात इतकी वर्षं राहूनही एखाद्या नव्या गल्लीतून बाहेर पडलो की पांझरा कुठल्या हाताला असेल याचा मी अंदाज बांधतो, आणि नदी नेमकी दुसऱ्या हाताला निघते. बायको याला वेंधळेपणा म्हणते. मी याला जवळचा रस्ता शोधणं म्हणतो. एरवी यातून कुणाचं काही बिघडत नसे. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका हिवाळ्यात माझ्या जवळच्या रस्त्याने बायकोचं माहेर माझ्यावर रुसलं.

बायकोचे मामा, आमचे नाना, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला शेती करत. दर हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात भरताचं जेवण असे. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एसटीने फाट्यावर उतरायचं आणि तिथून तास-दीड तास चालत मळ्यात जायचं, हा सासऱ्यांचा नियम. सासरे, म्हणजे आबा, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. भूक कमावून न्यावी असं ते म्हणत. मात्र गुडघ्यांमुळे ते मागून सावकाश येत, आणि लेक बापाबरोबर. पुढे चालायचा मान जावयाचा.

त्या वर्षी कॉलनीतली दोन कुटुंबंही बरोबर होती. मी सगळ्यांना जवळच्या रस्त्याने नेलं. समोर मळा, मळ्यात धूर, धुरापाशी बायका वांगी सोलतायत. मी म्हटलं, आलं. तिथल्या अक्कांनी हसून पाणी दिलं, या बसा म्हणाल्या, पत्रावळी मांडल्या. अक्का नानांकडच्या पाहुण्या असतील आणि नाना विहिरीवर गेले असतील, असं मी सगळ्यांना सांगितलं. आबा आणि बायको पोचली तेव्हा आमचे दोन-दोन घास झाले होते. मळा नानांचा नव्हता. बांधापलीकडचा होता. पण वाढलेल्या पानावरून उठायचं कसं? अक्काही उठू देईनात. शेवटी आबाही बसले. बांधावर कमरेवर हात ठेवून नाना उभे होते आणि त्यांच्या मागे बारा माणसांची वांगी थंड होत होती.

नानांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांनी नंतर माझ्या बायकोला निरोप धाडला, तो एवढाच: पुढच्या वर्षी हाच जावई पुढे असेल तर मी चूल पेटवणार नाही.

चुलीचं दुःख होतंच. पण माझा मान गेला होता. पुढच्या हिवाळ्यात आबा म्हणाले असते, "पाहुणे, तुम्ही यंदा मागून या, पिशव्या घेऊन," आणि मी जन्मभर पिशव्यांचा जावई झालो असतो.

तेवढ्यात अमेरिकेतल्या मेहुण्याचा फोन आला. डिसेंबरात येतोय, काय आणू? घरातून चॉकलेटं, सेंट, न चिकटणारा तवा अशी यादी निघाली. मी म्हटलं, आपण कुठे आहोत ते सांगणारं हातात धरायचं यंत्र तिकडे मिळतं असं ऐकलंय, ते आण. मग तो म्हणाला की अशी बरीच असतात, मी पुस्तक पाठवतो, त्यातून निवडा.

पुस्तक आलं. त्याने तीन यंत्रांवर पेनाने गोल केले होते. रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत बैठक बसली, एखादं स्थळ बघावं तशी. पहिलं यंत्र लहान, खिशात मावणारं. बायकोने ते तिथेच नापास केलं. माणूस हरवणारा, त्याच्याकडे लहान वस्तू द्यायची नाही, असं तिचं म्हणणं. दुसरं साधं, पिवळं. पडद्यावर आकडे आणि एक बाण, बास. आबांना ते आवडलं. आकडे आहेत म्हणजे लिहून ठेवता येतील, आणि त्याला सेलही कमी लागतात. तिसऱ्याच्या पडद्यावर चक्क नकाशा होता. रस्ते, तळी, गावांची नावं. माझी नजर तिथून हलेना.

बायकोने चित्र डोळ्यांजवळ धरलं. "यात धुळं आहे का?"

"नकाशा आहे म्हटल्यावर धुळं असणारच."

"विचारून घ्या एकदा," आबा म्हणाले.

मी विचारलं नाही. नकाशा घेणाऱ्याने नकाशात काय आहे हे विचारावं, हे मला कमीपणाचं वाटलं. फोनवर ऐटीत सांगितलं, तिसरं.

मेहुणा आला, यंत्र आलं, आणि आम्ही सगळे गच्चीवर चढलो. यंत्राने दहा मिनिटं आभाळ न्याहाळलं. मग पडद्यावर एक काळा त्रिकोण उगवला. तो त्रिकोण म्हणजे आम्ही. त्याच्याभोवती काही म्हणजे काही नव्हतं. पांझरा नव्हती, पूल नव्हता, आग्रा रोड नव्हता. मेहुण्याने बटणं दाबून नकाशा अमेरिकेवर नेला, तर त्याची अख्खी वस्ती आली, त्याच्या घरासमोरच्या रस्त्याचं नावसुद्धा. यंत्र तिथल्या लोकांसाठी केलेलं होतं. बायको म्हणाली, दादाचं घर दिसतंय, आपण तेवढे रानात आहोत.

आबांनी मात्र यंत्र आठवडाभर मागून घेतलं. ते रोज सकाळी चहा झाला की नदीकाठच्या एका जुन्या हद्दीच्या दगडावर जाऊन बसत आणि वहीत आकडे उतरवत. सात सकाळी सात वेगळे आकडे. आठव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली.

"हा दगड मी स्वतः रोवलेला आहे, पाहुणे. तो हलत नाही. तुमच्या यंत्रात तो शंभर पावलांच्या रिंगणात फिरतो."

मेहुण्याने खुलासा केला की यंत्राला जागा सांगणारे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे आहेत, इतरांना अगदी अचूक जागा कळू नये म्हणून ते मुद्दाम थोडी चूक मिसळतात. आबा यावर दिवसभर खूश होते. चूक होणं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. ठरवून, मोजून केलेली चूक त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

मी निराश झालो नाही. नकाशा कोरा असला तरी एखादी जागा यंत्रात साठवता येत होती, म्हणजे मग बाण तिकडे दाखवतो. फक्त त्यासाठी यंत्र एकदा त्या जागी न्यावं लागतं. म्हणून जेवणाच्या आठ दिवस आधी मी चोपड्याला गेलो, नानांच्या गड्याने मला बैलगाडीतून मळ्यात नेलं, चुलीच्या जागेवर उभं केलं, आणि मी बटण दाबून तिथे इंग्रजीत नाना असं लिहिलं. नाना लांबून बघत होते. घरी आल्यावर बायकोने विचारलं, जिथे जायचं तिथे आधी जाऊन आल्यावरच हे रस्ता दाखवणार असेल, तर हे कशाला?

तिनेच मध्ये पडून नानांना कबूल करवलं. नाना म्हणाले, यंत्र घेऊन येतोय तर येऊ दे पुढे. पण यंदाही दुसऱ्याच्या पानावर बसला तर मळ्याची वाट विसरायची.

फाट्यावर उतरलो आणि मी यंत्र छातीपुढे धरलं. बाण लख्ख होता. बाणाला पायवाट ठाऊक नसते, हे तिथे कळलं. तो नाकासमोर दाखवतो. नाकासमोर आधी बोरीबाभळी आल्या, मग एक नाला आला, त्यात कॉलनीतल्या एका वहिनींची चप्पल राहिली, मग केळीचा बाग आला. केळीत शिरलो तर वर पानांचं छप्पर. यंत्राला आभाळ दिसेना, बाण गेला. आम्ही केळीच्या ओळींमधून गुडघाभर चिखलात अंदाजाने चाललो. अंदाज माझा. मागून कुणीतरी विचारलं की भरीत आहे की नुसतीच पायपीट. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बागेबाहेर पडलो आणि बाण परत आला. ऐंशी मीटर. साठ. तीस. समोर धूर दिसला, आणि माझी मान ताठ झाली. शून्याशी पोचलो, मी यंत्रावरून डोळे वर केले, आणि पुढ्यात अक्का उभ्या होत्या. गेल्या वर्षीच्याच.

"आलात का," त्या म्हणाल्या. "बसा."

आबांनी सांगितलेली शंभर पावलं मला आता आठवली. मी अक्कांना हात जोडून म्हणालो की तुमचं पाणीसुद्धा नको, आम्हाला बांधापलीकडे जायचंय, माझ्या संसाराचा प्रश्न आहे. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धुराच्या मागून नाना आले, हातात बडगीतलं मुसळ.

"उनात का बठ्ठा?" त्यांनी अहिराणीत विचारलं, आलात का सगळे?

मी बघतच राहिलो. चूल ना अक्कांच्या मळ्यात होती ना नानांच्या. ती बरोबर बांधावर मांडलेली होती. दोन घरांच्या काड्या, दोन घरांची वांगी, अलीकडे अक्कांची माणसं, पलीकडे नानांची, आणि पत्रावळी बांधाच्या दोन्ही अंगांना. आबा मागून लंगडत पोचले. त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मग हळूहळू बाहेर आलं. नानांनी आबांना फोन करून विचारलं होतं की जावयाचं यंत्र चुकलं तर किती चुकेल. आबांनी वहीत बघून सांगितलं, शंभर पावलं. नानांनी बांधावरून दोन्हीकडे शंभर पावलं मोजली आणि अक्कांच्या घरी जाऊन म्हणाले, यंदा चूल एकच करू.

मी सपाटून जेवलो. हा मळा कुणाचा, ते भरीत कुणाचं, काही विचारायचं नव्हतं.

हात धुतल्यावर नाना माझ्याजवळ येऊन बसले. वर्षभरात पहिल्यांदा. मना मळा दाखाड, म्हणाले. मी त्यांचा मळा दाखवायला पडदा पुढे केला. कोऱ्या पडद्यावर एक ठिपका, त्याखाली त्यांचं नाव, बाजूला आम्ही. त्यांनी ठिपक्यावर जाडजूड बोट ठेवलं, बोटाखाली सगळंच झाकलं गेलं. मग म्हणाले, अक्कांचाही घाल. मी बांधापलीकडे जाऊन तोही साठवला. पण दोन ठिपके इतके जवळ पडले की एकाचं नाव दुसऱ्यावर चढलं आणि दोन्ही वाचता येईनात.

"पुढच्या वर्षी पुढे कोण चालणार?" बायकोने सगळ्यांदेखत विचारलं. मी यंत्राच्या सेलचं झाकण काढून बघू लागलो.

"पाहुणेच चालतील," आबा म्हणाले. "नाना, चूल तेवढी बांधावरच राहू द्या."