‘अभ्यास सोडून गेलेले’ म्हणजे कोण?

मित्रहो, आज दुपारी वालूरचे एक परिचित शेतकरी घरी आले. पत्नीचे डायलिसिस बंद करून तिला एक चूर्ण सुरू करण्याचा त्यांचा निर्णय झाला आहे. पुरावा म्हणून त्यांनी मोबाईलवर एका शोधनिबंधाचा मराठी सारांश दाखवला.

तो सारांश मीच लिहून सर्वांना पाठवला होता. तेव्हा माझी पत्नी हयात होती आणि तेच चूर्ण घेत होती.

ती गेल्यानंतर मी मूळ निबंध पुन्हा वाचला. अभ्यासाचा खर्च चूर्ण बनवणाऱ्यांनीच केला होता. जे रुग्ण दगावले, त्यांची नोंद ‘अभ्यास सोडून गेलेले’ अशी करून त्यांना निष्कर्षातून वगळले होते. हे वाक्य मी पूर्वीही वाचले होते. अनावश्यक समजून मीच ते सारांशातून गाळले.

आज हे सारे त्यांना सांगितले.

“सर, तुमीच पाठविलं आन् आता तुमीच नगं म्हणायलाव?” ते म्हणाले. “वहिनीला गुण आला न्हाई, ते त्यांचं नशीब. बाकीच्यायला आलाय की!”

“अहो, बाकीचे म्हणजे जे जगले तेवढेच मोजले!”

“तुमी दुःखात हाव, सर. म्हणून असं बोलायलाव.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

सोमवारी त्यांच्या पत्नीच्या डायलिसिसची पाळी आहे. माझ्या चुकीच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला माझा खरा शब्द मी कसा पटवू? कोणी सांगेल का?