गणपतीबाप्पा राणे यांचं ई-मेल अकाउंट

“पण देवाचा ई-मेल आयडी काय?” राणेकाकूंनी विचारलं, आणि माझा माउसवरचा हात थांबला.

साल दोन हजार दोन किंवा तीन असेल. तुळिंजला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि घरोघरी जाऊन ई-मेल सुरू करून द्यायचं कामही मी करायचे. मेलसाठी तेव्हा कॉम्प्युटरमध्ये वेगळा प्रोग्राम असायचा. त्याला दोन सर्व्हर सांगायचे: आलेली मेल कुठून उचलायची आणि आपली कुठे टाकायची. मग नाव, पासवर्ड, संपलं. अर्ध्या तासाचं काम. मनवेलपाड्यात राण्यांकडे मला बसून दोन तास झाले होते.

त्यांची अडचण वेगळीच होती. धाकट्या वैशालीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. काकांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, मस्कतला. थोरलीच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधत बांधत दादांपाशी येईपर्यंत फेटे संपले, आणि तेव्हापासून अबोला. काकांचा आवाज ऐकला की दादा फोन ठेवत. कुरिअरने पाठवलेली पत्रिका न उघडताच परत आली. इकडे वैशाली म्हणे, मोठे काका आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. शेवटी पुतण्याने गुपचूप दादांचा ई-मेल आयडी दिला.

काकूंचा मुद्दा एवढाच की पहिली पत्रिका गणपतीला.

“अहो काकू, देवापुढे ठेवलीत ना एक?”

“ती कागदाची. ही कॉम्प्युटरची.”

“देवाला मेल नसतो हो.”

“मग काढ की त्याचं अकाउंट! त्यालाच आलीयस ना?”

मी फुकटच्या मेलचा फॉर्म उघडला. नाव: गणपतीबाप्पा. आडनावाशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

“राणे टाक,” काका म्हणाले. “घरचाच देव आहे.”

जन्मतारखेला मी वैतागून आजची तारीख टाकली. वेबसाइट म्हणाली, वय कमी आहे. मग काकांचीच तारीख दिली.

हे दुसरं अकाउंटही मी त्याच प्रोग्राममध्ये बसवलं आणि टेस्टिंगपुरतं डिफॉल्ट केलं. डिफॉल्ट म्हणजे, नवीन मेल लिहायला घेतली की ती ज्याच्या नावाने जाते ते अकाउंट. देवाला पत्रिका पोचली. काकूंनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि मला पोहे दिले. मी पोहे खात असताना काकांनी दोन बोटांनी टाइप करत दादांना मेल पाठवली. डिफॉल्ट बदलायचं मी साफ विसरले.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. “ताबडतोब ये. देवाला उत्तर आलंय.”

स्क्रीनवर दादांची मेल होती, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: “श्री. गणपतीबाप्पा राणे यांस साष्टांग नमस्कार. निमंत्रण मिळाले. धाकट्याने बोलावले असते तर आलो नसतो. आपण बोलावलेत, येतो. फेट्याचे त्याच्या कानावर घालावे.”

“माझी चूक झाली काका,” मी म्हटलं. “आत्ता सेटिंग बदलते. दादांना खरं काय ते कळवू.”

“हात लावू नकोस!” काका ओरडले. इतक्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने मला चूक तशीच ठेवायला सांगितली नव्हती.

“पण देवाच्या नावाने खोटं?” काकू कुरकुरल्या.

“खोटं कसलं? पत्रिका आधी त्यालाच दिलीस ना? त्याने पुढे धाडली.”

दादा आले. पहिला फेटा त्यांनाच बांधला. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी माझी ओळख करून दिली, कॉम्प्युटरवाली म्हणून. मी घाईघाईने माफी मागायला लागले, तर त्यांनी जिलबी ताटात ठेवली.

“अगं, मला काय कळलं नाही होय? दोन वर्षं यायचंच होतं. पण आमच्या घरात माझ्याहून मोठं कुणी उरलं नाही. मला दटावून ‘ये’ म्हणणार कोण?”

मी मठ्ठा वाढून घेतला.

तेव्हापासून निघण्याआधी मी प्रत्येक अकाउंटवरून एक टेस्ट मेल पाठवते आणि ती कुणाच्या नावाने गेली ते बघते. चूक केल्यावर लग्नाचं जेवण मिळालं, असं नंतर कधीच झालं नाही.