उजवा डोळा झाकायला हवा होता

मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत तिच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही हे मला कळलं नाही. कळलं नाही म्हणणंही अर्धंच खरं आहे. बायको दोन वर्षं सांगत होती, "अहो, ही वाचताना मान तिरकी करते. डोळे दाखवून आणू या." मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायचो, काम सोपवायची तारीख कायम डोक्यावर असायची. एका रविवारी मी मुलीला लांब उभं केलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचायला लावली. तिने घडाघडा वाचली.

"बघ, काही झालेलं नाही. सवय आहे ती," मी बायकोला म्हणालो.

शेवटी खडकीतल्या नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला. समोरच्या तक्त्याच्या पहिल्याच ओळीत मुलगी अडखळली.

"अक्षरांवरची रेघ दिसत नाही," ती म्हणाली. "उभ्या दिसतात, आडव्या पुसल्यासारख्या." मग सहज विचारलं, "सगळ्यांचा एक डोळा असाच असतो ना?"

बाईंनी समजावलं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा गोल हवा; तिच्या डाव्या डोळ्याचा चमच्याच्या पाठीसारखा, एका बाजूने जास्त वाकलेला. म्हणून उजेड एका बिंदूवर जमत नाही. हा वाकडेपणा भरून काढणारा सिलिंड्रिकल नंबरचा चष्मा वेळेवर लागला असता तर निभावलं असतं. आता मेंदूनेच त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली होती.

"मी घरी तपासलं होतं," मी म्हणालो.

"एक डोळा झाकून?"

"नाही."

"आपण काय करता?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"वा," म्हणून त्या लिहायला लागल्या.

ऑफिसात प्रत्येक भाग वेगळा तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नसे.

मग चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. ती पुस्तक नाकाशी धरून अडखळत वाचायची, मी शेजारी बसायचो. थोडं सुधारलं, मग थांबलं. वर्षाने बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याहून जास्त होणार नाही. पट्टी बंद करा."

रिक्षात मुलीने विचारलं, "म्हणजे बरा झाला ना बाबा डोळा?"

मी हो म्हणालो.

खरं तिला बऱ्याच वर्षांनी, नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय तपासणीत कळलं. त्या संध्याकाळी तिने तपासणीचा कागद टेबलावर ठेवला, हात धुतले आणि जेवायला बसली. मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.