भोंग्यात हरवलेली ढोलकी

साकोलीला तृप्ती रामटेकेच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायला निघालेला माणूस आधी चौकातल्या चहावाल्याला विचारून घेतो, "बाईचं डोकं कसं आहे आज?" ठीक आहे, असं उत्तर आजवर कुणाला मिळालेलं नाही. चप्पल आत आणली की ती ओरडते, उशीर झाला की ओरडते, आणि "ताई, थोडा इको टाका ना" म्हणणाऱ्या दोघांना तिने भर दुपारी रस्त्यावर काढलेलं आहे. तरीही भजनी मंडळ असो की भीमगीतांची पार्टी, सगळे तिच्याकडेच जातात. तिच्याकडून नेलेल्या गाण्यात पेटीवाला पेटीच्या जागी ऐकू येतो आणि टाळवाला टाळाच्या जागी. कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही.

स्टुडिओ म्हणजे घरामागची एक खोली. भिंतींना राइस मिलची बारदानं टांगलेली आणि त्यांत भाताचं तणस ठासून भरलेलं, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. तणसात उंदीर झाले म्हणून मांजर आणली, मांजर ऐन रेकॉर्डिंगमध्ये बोलायला लागली, मग तिच्यावरही ओरडणं आलंच. खोलीच्या मधोमध एक स्टँड असतो. त्यावर दोन सारखे माइक, वितेपेक्षा थोड्या कमी अंतरावर, तोंडं दोन बाजूंना फाकवलेली. माणसाला दोन कान आहेत तर माइकही दोन, एवढंच ती सांगते. स्टँडची जागा शोधायची तिची रीत मात्र बघण्यासारखी आहे. वादकांना वाजवायला लावायचं, एका कानात बोट खुपसायचं आणि कधी वाकून, कधी टाचा उंचावून खोलीभर फिरायचं. जिथे सगळ्यांचा मेळ सारखा ऐकू येईल तिथे खडूने फुली मारायची. त्या फुलीवर कोणी पाय दिला तर त्याचं काही खरं नाही.

हा राग जुना आहे. तृप्तीचे वडील जीवन रामटेके खडी गंमतीत तुणतुणं वाजवायचे. खडी गंमत म्हणजे उभ्यानेच करायचा तमाशा. शाहीर उभा, नाच्या उभा, वाजवणारे उभे. ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून वाजवत वाजवत पुढे येतो, नाच्याला भिडतो, दुसऱ्या बाजूने मागे जातो. तृप्ती आठ वर्षांची असताना एका कॅसेट कंपनीने या पार्टीला शहरात बोलावलं आणि शाहिराच्या तोंडापुढे एक माइक ठेवून सगळी गंमत अर्ध्या दिवसात उरकली. कॅसेट आली तेव्हा जीवनने टेपला कान लावला. उलटीसुलटी करून दोन्ही बाजू ऐकल्या. "यात मी कोठी आहो?" असं त्याने हसत विचारलं. तिसऱ्या वेळी तो हसला नाही. कॅसेट पेटीत ठेवली आणि मरेपर्यंत पुन्हा लावली नाही. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. त्याच्या तुणतुण्याचा आवाज जगात कुठेही नाही, आणि ही गोष्ट आठवली की तृप्तीची कानशिलं अजूनही तापतात.

त्या पार्टीतला ढोलकीवाला डोमाजी अजून आहे. वय चौऱ्याहत्तर. यंदा पोळा झाल्यावर तो काठी टेकत स्टुडिओत आला आणि म्हणाला, "पोरी, गुडघे नाही म्हणून राहिले आता. खडी गंमत काही बसून करता येत नाही. एकदा माही ढोलकी माइकवर घेऊन ठेव. मंडईत भोंग्यावर वाजली का मी मोकळा." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि तिथे खडी गंमत होते. एकोडीच्या मंडईत डोमाजी पन्नास वर्षं उभा राहिला होता. यंदा तिथे त्याला आपलं वाजवणं खुर्चीत बसून ऐकायचं होतं. आयुष्यभर वाजवणाऱ्या माणसाने स्वतःला समोरून ऐकलेलं नसतं.

पार्टीचे शाहीर मधुकरराव यांनी गाणं लोकांपर्यंत पोचवायला ओळखीतून नागपूरचा एक भुपेंद्र गाठला. तो लोकगीतांचं चॅनल चालवायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो गळ्यात हेडफोन अडकवून आला आणि खडूच्या फुलीवरच उभा राहिला.

"मॅडम, दोनच माइक? आन् हे सगळे उभे? असं कोणी करते का आजकाल? प्रत्येकाले खुर्ची द्या, हेडफोन द्या, वेगळा माइक द्या. एकेकाले घेऊ. मंग मी नागपुरात बसून जुळवतो सगळं."

"खुर्ची?" तृप्तीचा आवाज तिथेच चढला.

"हो ना. हे बुवा फिरून राहिले. आवाज हलते."

"हलते म्हणूनच तं दोन माइक लावले!"

मधुकरराव मध्ये पडले. पाहुणा आहे, एकदा त्याच्या मनासारखं करून पाहू, म्हणाले. डोमाजीला खुर्चीत बसवलं, ढोलकी मांडीवर दिली, कानांवर हेडफोन चढवला. त्यातून ठेका सांभाळायची टिकटिक सोडली. तीन मिनिटांत म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. पन्नास वर्षं ज्या हाताने शाहिराला खेळवलं, तो हात आंधळ्यासारखा चाचपडायला लागला.

"कानात कोनीतरी टकटक करून राहिला बा," तो ओशाळून म्हणाला. "माहा हात त्याच्याच मागं जाते."

डोमाजी ओशाळला, हे तृप्तीला सहन झालं नाही. तिने हेडफोन काढून टेबलावर आपटला, खुर्ची लाथेने सरकवली आणि भुपेंद्रने लावलेल्या वायरी ओरबाडून काढल्या. त्या झटक्यात तिच्या स्वतःच्या उजव्या माइकची केबल टोकापासून तुटली. दुसरी केबल नव्हती. ती तिथेच सोल्डरिंगची कांडी तापवून बसली. हात केबल जोडत होते आणि तोंड भुपेंद्रला झोडत होतं. ढोलकी कशी वाजते ठाऊक आहे का, मंडई डोळ्यांनी पाहिली आहे का, खुर्चीत बसवायला हे काय तहसील ऑफिस आहे का. तिची नजर हातांवर कमी आणि त्याच्यावर जास्त होती.

शेवटी शाहिराला तेवढा वेगळा माइक द्यायचा, बाकी सगळं तृप्तीच्या पद्धतीने, असं ठरलं. डोमाजीने दोन्ही गुडघ्यांना दुपट्टे आवळले आणि तो उभा राहिला. डावीकडे श्यामराव तुणतुणं घेऊन, उजवीकडे टाळ. डोमाजी डावीकडून निघायचा, माइकांसमोर मधोमध यायचा, तिथे ढोलकी कडाडायची, आणि उजवीकडून मागे सरायचा. चाळीस मिनिटं तो असा फिरला. संपल्यावर त्याला धरून बसवावं लागलं. परत उभा राहणार नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तृप्तीने तिन्ही माइक मिसळून बनवलेलं गाणं भुपेंद्रने हेडफोनवर ऐकलं आणि त्याचा नूरच पालटला. "वा मॅडम! काय पसरलं आहे! ढोलकी तं डोक्याच्या बाहेरून आल्यावानी वाटते!"

या वाक्याने तृप्तीने कान टवकारायला हवे होते. तिच्या माइकांमधून ढोलकी समोरून यायला पाहिजे, डोक्याच्या बाहेरून कशाला येईल? पण जिंकल्याची धुंदी होती. शिवाय तिचा एक नियम आहे. भिंतीवर मंडईतला एक जुना भोंगा ठोकलेला आहे आणि कोणतंही गाणं त्यातून ऐकल्याशिवाय ती बाहेर देत नाही, कारण आपल्याकडे गाणं शेवटी भोंग्यावरच वाजतं. ती भोंग्याची वायर लावायला उठली, तेवढ्यात भुपेंद्र हसला. "हे कायले, मॅडम? भोंग्यावर कोण ऐकते आता?"

झालं. भोंग्याची वायर तशीच सोडून तिने पेन ड्राइव्ह त्याच्या हातात कोंबला. "घ्या आन् निघा! एक मिनिट थांबू नका इथं!"

मंडईच्या दिवशी एकोडीत डोमाजी धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. शेजारी तृप्ती. भुपेंद्रच्या चॅनलवरचं गाणं लावलं गेलं, खांबावरचा भोंगा खरखरला आणि शाहिराचा आवाज आला. तुणतुणं आलं. टाळ आले. डोमाजी डाव्या बाजूला होता तिथली ढोलकी सुरू झाली, बारीक पण नेटकी. आता डोमाजी मध्ये येणार, आता कडाडणार, आणि तिथेच ढोलकी गेली. नुसती कुठूनतरी लांबून टपटप. थोड्या वेळाने बाजूला गेल्यावर पुन्हा उगवली, मध्ये आली की पुन्हा गडप. मागे कोणीतरी म्हणालं, सेल संपला का काय म्हाताऱ्याचा. लोक हसले.

डोमाजीने मान वर करून भोंग्याकडे पाहिलं. मग तृप्तीकडे वळून विचारलं, "पोरी, मी कोठी गेलो वो?"

ती उठली, जिलेबीच्या दुकानामागे गेली आणि तिने भुपेंद्रला फोन लावला. तिथून अर्ध्या मंडईला ऐकू जाईल इतक्या आवाजात तिने त्याची सालटी काढली. म्हाताऱ्याची ढोलकी खाल्ली, नागपुरात बसून काय काय खेळ केले, मेलं तुझं चॅनल.

"आईची शपथ, मॅडम," तो म्हणाला. "म्या हात नाही लावला. जसं दिलं तसंच टाकलं."

"खोटारडा!" म्हणून तिने फोन कापला आणि त्याच्या तोंडावर पुरावा मारायला स्कूटर काढून साकोलीला पळाली.

स्टुडिओत तिने मूळ रेकॉर्डिंग भिंतीवरच्या भोंग्याला जोडलं. डोमाजी मध्ये आला आणि गडप झाला. पुन्हा लावलं. पुन्हा गडप. मग तिने उजव्या माइकची केबल उचलली, टोक उघडलं. पांढऱ्या वायरच्या जागी तांबडी होती आणि तांबडीच्या जागी पांढरी.

ती खाली बसली. वायरी उलट्या जोडल्यामुळे एक माइक आवाज पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा तितकंच मागे खेचत होता. दोन कानांना वेगवेगळं ऐकलं की आवाज पसरल्याचा भास होतो. पण भोंग्याला तोंड एकच. तिथे दोन्ही वाटा एकत्र आल्या की जो अगदी मधोमध उभा आहे, दोघांपासून सारख्या अंतरावर, तोच पुसला जातो. कॅसेट कंपनी बाबाला नुसती विसरली होती. डोमाजीला तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं, तेही त्याच्या बाजूने भांडता भांडता. तिला स्वतःचाच राग आला. मांजर समोर येऊन ओरडली, तर तिने तिला नुसतं बाजूला सारलं.

आत सगळं शाबूत होतं. एक बाजू उलटी करायला कॉम्प्युटरवर एक बटण पुरतं. तिने ते दाबलं, भोंग्यावर लावलं, आणि डोमाजी पुढे येऊन कडाडला.

दिवस कलायच्या आत ती एकोडीला परतली. डोमाजी अजून त्याच खुर्चीत होता, हात मांडीवर टाकून. भोंग्यावर गाणं पुन्हा लागलं. ढोलकी बारीक निघाली, मध्ये आली आणि मोठी झाली. जिलेबीवाल्यासकट सगळ्यांनी माना वळवल्या. डोमाजीचं तोंड उघडं राहिलं. मग एकदम त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांबव! हे पाह्य, इथी घसरला माहा हात. एक मात्रा खाल्ली! मधुकरच्या भरवशावर सुटलो. लाज आहे का नाही रे डोम्या तुले?" त्याने स्वतःच्याच मांडीवर चापट मारली. "पुन्हा घेजो हे, पोरी." मग त्याचं लक्ष आपल्या गुडघ्यांकडे गेलं. "राहू दे. लाव, पुन्हा तेच लाव."

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबाला स्वतःची चूकसुद्धा ऐकायला मिळाली नव्हती. ती पुन्हा जिलेबीच्या दुकानामागे गेली आणि भुपेंद्रला फोन लावला. तीनदा त्याने कापला. चौथ्यांदा उचलला.

"काय मॅडम, शिव्या राहिल्या का अजून?"

"हो," ती म्हणाली. "आता तुमी द्या. केबल म्या उलटी जोडली होती."

भोंग्यावर ढोलकी परत मध्ये आली होती, आणि तिच्याही वर डोमाजी ओरडत होता, "हे पाह्य, इथीच! इथीच घसरला!"