डॅडीचा काठ

टेसा लोपीसला आता सगळे ऑस्ट्रेलियन स्विमर म्हणतात. म्हणोत बापडे! पण पोहायला ती शिकली आमच्या दुबईजवळच्या अजमानमध्ये राहून, आणि शारजाच्या हॉटेलातल्या तलावावर तिला गाडीने नेऊन सोडणारी बाई म्हणजे मी. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये लायसन असलेली बाई मी एकटीच होते. टेस्टला इतक्या वेळा नापास झाले, की शेवटी त्या पोलिसालाच माझी दया आली असणार. त्यामुळे टेसाच्या करिअरमध्ये माझाही वाटा आहे आणि तो मी कुणालाही देणार नाही.

जोकिम आणि बर्था आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळ वसईचे. जोकिम आमच्या ह्यांच्याच कंपनीत. हे अकाउंट्सला, तो स्टोअर्सला. बर्था त्या शारजाच्या हॉटेलमध्ये हाउसकीपिंगला होती, म्हणून तलावात मुलांना प्रवेश मिळाला. माझी अवनी आणि तिची टेसा एकाच वयाच्या. १९९३ साली, सात वर्षांच्या असताना, दोघींना एकदमच पाण्यात ढकललं. अवनीने महिन्याभरात ‘आय हेट क्लोरीन’ म्हणून टॉवेल गुंडाळला. टेसा मात्र पाण्यातून बाहेर यायला तयार नसायची.

गंमत म्हणजे जोकिमला स्वतःला पोहता येत नाही. समुद्राकाठी वाढलेला माणूस, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की ह्याची बोबडी वळते! पहिल्या दिवशी टेसा खोल बाजूला गेली आणि ह्याचा जीव वरखाली व्हायला लागला. मग तो काठाने तिच्याबरोबर चालायला लागला. ती इकडून तिकडे, हा इकडून तिकडे. “मी हाय गो बाय, मी हाय.” नेहमी एकाच काठाने, कारण समोरच्या काठावर हॉटेलचे पाहुणे खुर्च्या टाकून पडलेले असत आणि तिथे आमच्यासारख्यांना फिरकायची बंदी होती. पोरगी श्वास घ्यायला मान वळवायची ती बापाकडेच. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. तोंड सतत डॅडीच्या काठाकडे.

आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं, व्हर्ननसरांना नाही. व्हर्ननसर तिचे कोच, मुंबईचे, तापट माणूस. “जोकिम, तुझ्या मुलीला अर्धा तलाव दिसतच नाही,” असं ओरडायचे. आणि एकदा शारजात शाळांच्या शर्यतीत तेच झालं. टेसा पुढे होती. पलीकडच्या लेनमधली एक लेबनीज मुलगी हळूहळू जवळ आली, पुढे गेली, भिंतीला हात लावून मोकळी झाली आणि टेसाला पत्ताच नाही. जिंकले म्हणून हसत हात वर केला हिने! मग बोर्डवर दुसरीचं नाव वाचलं. त्या वेळचं तिचं तोंड मला आजही आठवायला नको वाटतं. सरांनी जोकिमला काठावरून हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी टेसा पाण्यात उतरेना. खलास! डॅडी पुन्हा काठावर.

पण पोहायची मात्र अशी, की बघत राहावं. आठशे मीटर फ्रीस्टाइल ही तिची शर्यत. बाकीच्या पोरी निम्म्यात धापा टाकायला लागत, तेव्हा हिचं इंजिन कुठे तापायला लागलेलं असायचं. तेरा वर्षांची होईपर्यंत तिच्या तोडीचं इथे कुणी उरलं नाही. आणि पुढे काय? इथल्या टीममध्ये आपल्याला जागा नाही, आपण व्हिसावरची माणसं. व्हर्ननसर तोवर ब्रिस्बेनला गेले होते. त्यांचा फोन आला: “तिला इकडे आणा. जानेवारीत स्विमिंग मीट आहे. आठशेच्या फायनलमध्ये पहिल्या दोघींत आली तर राज्याच्या स्क्वॉडमध्ये घेतील. ही वेळ गेली तर नंतर कुणी विचारणार नाही.”

जोकिमने ऑस्ट्रेलियाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीचा अर्ज आधीच टाकलेला होता. तो २००० सालच्या अखेरीस मंजूर झाला. पण अर्ज त्याच्या नावावर, म्हणून त्या देशात पहिलं पाऊलही त्याचंच पडलं पाहिजे. तो गेल्याशिवाय बायकोमुलीला आत घेणार नाहीत. आणि जोकिमचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत!

गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पासपोर्ट आपला, पण राहतो मालकाकडे. आमच्या कंपनीत सुट्टीवर जायचं तर दुसऱ्या कुणीतरी जामीन म्हणून आपला पासपोर्ट तिजोरीत अडकवून ठेवायचा. पहिला माणूस परत आला की दुसऱ्याचा सुटणार. आदल्याच वर्षी एक फोरमन सुट्टीवर म्हणून गेला तो थेट कॅनडात राहिला, आणि त्याचा जामीन बिचारा इथे अडकून बसला. त्यात ऑस्ट्रेलियाचं नाव ऐकल्यावर जोकिमला जामीन राहायला कोण तयार होणार?

आमचे हे ऑफिसर, म्हणून ह्यांचा पासपोर्ट घरी, माझ्या कपाटात साड्यांखाली असायचा. मी विषय काढला तर म्हणतात, “सुहासिनी, जोकिम सज्जन आहे, मान्य. पण तिकडची हवा लागली की सज्जन माणसंही बदलतात. आपण ह्यात पडायचं नाही.” माझं डोकंच फिरलं. सात वर्षं त्या पोरीला पहाटेच्या धुक्यातून नेलंय मी, ती काय आता घरी बसवायला? रात्री ताटात पोळी वाढली आणि शेजारी पासपोर्ट ठेवला. म्हटलं, “हा उद्या ऑफिसला नेणार असाल तर दुसरी पोळी मिळेल.” हे हसले, पण मनापासून नाही. जोकिम माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, “वहिनी, दोन आठवडे. बुधवारी रात्री तुमच्या दारात उभा असेन.”

ह्यांचा पासपोर्ट तिजोरीत गेला आणि तिघं ब्रिस्बेनला गेले. प्राथमिक फेरीत टेसा चांगली पोहली. जोकिम स्टँडखालच्या कठड्याने तिच्याबरोबर चालत होता म्हणे, लोक बघून हसत होते. मंगळवारी फायनल, बुधवारी त्याचं विमान, सगळं जुळून आलेलं. आणि सोमवारी सकाळी सांगलीहून फोन आला. माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती, आणि डॉक्टर म्हणत होते, मुलाला बोलावून घ्या.

हे तसेच कंपनीत गेले. जनरल मॅनेजर विजयकुमार म्हणाले, “देखो दत्ता, आय अॅम सॉरी. जोकिम आएगा, तभी तुम्हारा पासपोर्ट निकलेगा. रूल इज रूल.” वर ‘इन्शाल्ला, फादर ठीक हो जाएंगे’ हेही म्हणाले. हे घरी आले आणि बूट न काढताच सोफ्यावर बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं! मी देवघरातला गणपती उचलला आणि वाडग्यात पाणी घेऊन त्यात ठेवला. म्हटलं, जोकिम येईपर्यंत बस असाच. बुधवार काही लांब नाही.

मंगळवारी दुपारी बर्थाचा फोन. आवाज रडवेला. “सुहास, इकडे वीज पडली गो. टायमिंगचं मशीन जळालं. फायनल शुक्रवारी ठेवली. ही पोरगी म्हणते, डॅडी नसेल तर मी उभीच राहणार नाही. जोकिमला दोन दिवस थांबू दे ना. तुमचं काय अडलं नाय ना?”

रिसीव्हर माझ्या हातात, हे समोर. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. हे उठले, नुसती होकारार्थी मान हलवली आणि बाल्कनीत जाऊन पाठ करून उभे राहिले. मला असा राग आला! विजेचा, विजयकुमारचा, त्या हट्टी पोरीचा, माझा स्वतःचा. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “राहू दे त्याला. आमचं काही अडलेलं नाही.” फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हुंदके देऊन रडले.

त्या संध्याकाळी अवनी कॉम्प्युटरवर बसली ती उठेचना. तेव्हा इंटरनेट लावलं की फोन बंद पडायचा. “अगं, सांगलीचा फोन येईल, लाइन सोड!” म्हणून मी दार ठोठावत होते. आतून उत्तर, “टू मिनिट्स, आई!” कार्टीला आजोबांची काही पडलेली नाही, असं वाटलं मला.

बुधवारी रात्री जेवायला बसलो होतो. बेल वाजली. दारात जोकिम! हातात बॅग, डोळे लाल.

“अहो, तुम्ही? तुम्हाला थांबा म्हटलं होतं ना?” मी अक्षरशः ओरडले.

“टेसाने पाठवलं, वहिनी. एअरपोर्टवर तिनेच ढकललं आत. म्हणाली, डॅडी, यू गो. अवनीज ग्रँडपा इज सिक. आय विल मॅनेज.” मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, मला का नाय सांगितलं?”

आम्ही दोघांनी अवनीकडे बघितलं. ती ताटात बघत म्हणाली, “समबडी हॅड टू टेल हर.” तिला थोबाडीत मारू की पोटाशी धरू, मला कळेना. शेवटी पोटाशी धरलं. जोकिमचं लक्ष वाडग्यातल्या गणपतीकडे गेलं. “ह्याला पोहता येतं ना वहिनी? का मी चालू काठाने?” डोळ्यांत पाणी असतानाच आम्ही सगळे हसलो.

गुरुवारी सकाळी जोकिमचा पासपोर्ट तिजोरीत गेला, ह्यांचा बाहेर आला. संध्याकाळच्या विमानाने हे मुंबईला गेले. आणि शुक्रवारी सकाळी जोकिम आमच्या हॉलमध्ये फोनपाशी येऊन बसला, कारण आमच्या फोनला स्पीकर होता. तिकडे दुपार होती. व्हर्ननसरांचा मोबाइल कानाला लावून बर्था स्टँडमध्ये होती.

“उभी राहिली का?” जोकिमने पहिलं हेच विचारलं.

“उभी राहिली. उतरली. चालू झाली रे!”

जोकिम उठला. आमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ पॅसेज आहे. त्यात तो चालायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, भिंतीला हात लावून वळायचा. बर्थाची कॉमेंट्री म्हणजे डोंबल! “कितवी हाय काय कळत नाय, सगळ्यांच्या टोप्या सारख्या!” मग सरांनी विचारून सांगितलं, पहिली एक पोरगी खूप पुढे आहे, टेसा दुसरी. जोकिम चालतोय. अर्धी शर्यत झाली. टेसा अजून दुसरी. आणि मग बर्था म्हणाली, “एक उंच पोरगी येते हाय मागून. टेसाच्या जवळ येते हाय रे!”

“कुठल्या बाजूने?” जोकिम जागच्या जागी थांबला.

“पलीकडच्या. स्टँडच्या बाजूला नाय, पलीकडच्या.”

“गेलं,” जोकिम म्हणाला. “तिला दिसणारच नाय.” शारजाची ती शर्यत आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात फोनमधून एकदम आरडाओरडा ऐकू आला, काहीतरी खरखरलं आणि लाइन तुटली.

मी वेड्यासारखी बटणं दाबत होते. जोकिम भिंतीकडे तोंड करून उभा. अवनी नखं खात होती. फोन वाजला, मी झडप घातली. तर हे, सांगलीहून! “पोचलो. बाबांनी ओळखलं मला. हात दाबला.”

“बरं झालं हो, देव पावला! आता ठेवा आधी फोन!” नवऱ्यावर अशा वेळी ओरडणारी बायको मीच.

पुन्हा रिंग. “दुसरी!” बर्था किंचाळत होती. “जोकिम, दुसरी आली! घेतली तिला!”

अवनी नाचायला लागली. जोकिम खाली बसला. “आणि ती उंच पोरगी?”

“टेसाने बघितलं ना तिला! ती जवळ आल्यावर हिने जोर लावला. आज दोन्हीकडे बघत होती रे. एकदा इकडे, एकदा तिकडे. सर तर वेडे झालेत आनंदाने.”

जोकिम हळू म्हणाला, “म्हणजे एवढी वर्षं मीच तिच्या आड येत होतो.”

“गप बसा!” मी खेकसले. “तुम्ही चालला नसतात तर पोरगी पाण्यात उतरली नसती.” त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. तेवढ्यात टेसा फोनवर आली, अजून धापा टाकत होती.

“डॅडी, डिड यू वॉक?”

“हो गो बाय. फुल्ल वॉक केलं.”

“आय लुक्ड युवर साइड फर्स्ट. देअर वॉज नोबडी. सो आय लुक्ड द अदर साइड.”

जोकिमने हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले, कशाला खोटं बोलू? मग उठले आणि गणपतीला पाण्यातून काढून पुसून देव्हाऱ्यात ठेवला.

पुढे टेसा स्क्वॉडमध्ये गेली, राज्याकडून पोहली, दोनदा नॅशनलच्या फायनलमध्ये आली. ऑलिंपिक? नाही, तिथवर नाही पोचली. २००४ च्या निवडीत चौथी आली, आणि नेतात दोघींनाच. आता तिकडेच लहान मुलांना शिकवते. सासरे त्या झटक्यानंतर दोन वर्षं काढून गेले. जोकिम २००२ मध्ये कायमचा ब्रिस्बेनला गेला आणि त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक शर्यतीला हजर होता. पण काठाशी कधी गेला नाही. वर, सगळ्यात मागच्या रांगेत बसायचा, हात मांडीखाली दाबून. बर्था सांगते, शर्यत चालू असेपर्यंत खाली त्याचे पाय मात्र हलत असायचे.