मिस्तरींची पाणगाडी

"किती वेळ झाला?"

फोन आला की मिस्तरी एवढंच विचारायचे. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काही नाही. काळे हात फडक्याला पुसायचे, मोबाईल खांद्यात आणि कानात दाबायचे आणि आधी हा प्रश्न. जळालेल्या मोटारीचा फोन असला तरी तोच. समोरचा गडबडायचा. "अवो मिस्तरी, मोटर जळाली म्हणतो मी. वेळ काय विचारताव?" मग मिस्तरी हसायचे. "मोटर हाय व्हय? मग सावकाश या की."

मोटर नसली की मात्र हसायचे नाहीत.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, मधे एकच पत्रा. गिरणीची मोटर गुरगुरायला लागली की मी पत्र्यावर लाटण्यानं ठोकायची, की आलेच पाना घेऊन. मला आक्का म्हणायचे, वयानं मी बरीच मोठी. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, गावानंही नाही. सगळ्यांचे ते मिस्तरी. दुकानात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली, ती गाडी.

तुम्ही कधी पाण्यावर चालणारी स्कूटर बघितली का? मीही नव्हती बघितली. आमच्या तलावावर एका पुढाऱ्यानं बोटिंग काढलं होतं, त्यात ती आली. लाल-पांढरी, पुढं हँडल, मागं दोघं बसतील असं सीट. एक पावसाळा पुढाऱ्याचे पाहुणे तिच्यावर बसून भुर्रर्र फिरले. पुढच्या साली पाऊस नाही, तलावाची भेगाळलेली गादी झाली, बोटिंग गेलं. गाडी काठावर उलटी पडून राहिली. तिच्या पोटात घुशींनी घर केलं.

मग तलावात पुन्हा थोडं पाणी आलं आणि त्या पोळ्याला मिस्तरींचा धाकटा भाऊ बैल धुवायला पाण्यात उतरला आणि बैलाच्या कासऱ्यात पाय गुंतला. पोहणारे दोघंचौघं उतरले, पण गाळात कुणाचा इलाज चालेना. आख्खं गाव काठावर उभं. बोट बीडहून यायची होती, ती दुसऱ्या दिवशी आली. मिस्तरी मला एकदाच त्याबद्दल बोलले. "आक्का, यंत्र काठावर मरून पडलेलं आन माणूस पाण्यात. मी यंत्राचा माणूस. मी त्याच्याकडं बघत उभा होतो."

तेरावं वगैरे ते करत नसत, बौद्ध घर. वंदना झाली, भोजनदान झालं, आणि आठवड्यानं मिस्तरी ट्रॅक्टर घेऊन गेले नि ती गाडी उचलून आणली. पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, "भंगार हाय, न्या की."

त्यानंतर कितीतरी महिने माझ्या दळणाच्या आवाजात त्यांची ठोकाठोक मिसळलेली असायची. इंजिन जाम झालं होतं. प्लग काढून त्या भोकातून रॉकेल ओतायचे, झाकून ठेवायचे, रोज सकाळी शाफ्टला जरासा हिसका द्यायचे. हलत नव्हतं. तरी रोज एक हिसका. एका सकाळी पत्र्यापलीकडून आवाज आला, "आक्का! हलली!" मी पिठाच्या हातानं पळत गेले, तर काय, केसभर हलली होती. मिस्तरी मात्र लेकरानं पहिलं पाऊल टाकावं तसे बघत होते.

खालच्या पंख्यात माशाच्या जाळ्याचा गुंता, गणपतीच्या हाराची दोरी, कुणाच्या तरी लुगड्याची चिंधी, सगळं कोरून काढलं. बूड फुटलं होतं. बीडला पाण्याच्या टाक्यांना फायबरचा जोड देणारा एक जण होता, त्याच्याकडं जाऊन बसायचे, बघून शिकले. इंजिनाच्या रिंगा पुण्याहून मागवल्या. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडावं म्हणून मनगटाला बांधायची एक दोरी असते, ती हरवली होती. "आक्का, चिवट दोरी पाहिजे, पन मऊ." मी परकराची नवी नाडी दिली. त्यांची बायको हसून हसून लाल. "पुढाऱ्याची गाडी आन आक्काची नाडी!"

शेवटी मागं ट्रॅक्टरच्या चाकाची एक मोठी ट्यूब बांधली. मी विचारलं, ही कावून? म्हणाले, "बुडणाऱ्याला धरायला. जित्त्या माणसाला काहीतरी धरायला लागतं, आक्का."

आता गंमत ऐका. ही गाडी पाण्यात असली की खालचं पाणी ओढून स्वतःला गार ठेवते. कोरड्यात चालवली तर तापून जळायची. आणि न चालवता ठेवली तर आतून गंजायची. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं. तरी मिस्तरी ड्रमला नळी लावून दर शुक्रवारी तिला थोडा वेळ चालवायचे. मागून निघालेलं पाणी टबात धरायचे, पुन्हा ड्रममध्ये. तरी थोडं सांडायचंच. टँकरच्या रांगेतल्या बाया घागरी घेऊन तिथंच उभ्या.

"अवो मिस्तरी, आमी घोटघोट पितो आन तुमची गाडी आंघोळ करती व्हय?"

"वैनी, आज माझी आंघोळ तिनं केली."

"कालची बी तिनंच केली," त्यांची बायको आतून. "खोटं वाटत आसंल तर जवळ येऊन वास घ्या."

बाया हसायच्या. तलावात गुरांना पिण्यापुरतं डबकं नव्हतं आणि हा माणूस त्यात चालवायची गाडी राखत होता. मीही हसले आहे.

मग एका साली पाऊस झाला. तलाव सांडव्यावरून गेला. आणि पहिला फोन आला. शेजारच्या गावाची बाई, घागर भरताना घसरली. मिस्तरींनी गाडी ट्रॉलीत घातली नि गेले. परत आले तेव्हा सांज झाली होती. मी दारात. ते ट्यूब धुवायला लागले. लई वेळ धुतली. त्या बाईला त्यांनीच आणलं होतं, पण सकाळी पडलेल्या बाईचा फोन दुपारी आला होता.

दुसरा फोन, तेच. तिसरा, तेच. लोक आधी विहिरी बघायचे, मग पाहुण्यांकडं फोन, मग एखादा जाणता नारळ फिरवून माणूस कुठं आहे ते सांगायचा, मग पोलीस, आणि सगळ्यांच्या शेवटी मिस्तरी. पंचक्रोशीत नाव झालं. "वाइंडिंगवाल्याला बोलवा, तो काढून देतो." काढून देतो. हा शब्द त्यांना फार लागायचा. एकदा गिरणीच्या पायरीवर बसून म्हणाले, "आमच्या आज्यापणज्यांनी या गावाची मेलेली ढोरं ओढली, आक्का. आज्यानं धम्म घेतला आन ते काम सोडलं. मी जित्तं आणायला निघालतो. गावानं मला परत तिथंच नेऊन उभं केलं."

मी उठून त्यांच्यापुढं चहा ठेवला.

पुढं पुढं तर ट्रॉली रस्त्यानं निघाली की बाया लेकरांना आत ओढायला लागल्या. ट्रॉली दिसली म्हणजे कुणीतरी गेलं. कुणाच्या लग्नाच्या मांडवात मिस्तरी गेले तर यजमान हसून "या या" म्हणायचे आणि नवरा-नवरीपासून लांबची खुर्ची द्यायचे. मिस्तरींना कळायचं. जेवून लवकर उठायचे. आणि यातून जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. लोक त्यांना आणखी उशिरा बोलवायला लागले. त्यांना बोलावलं म्हणजे आशा सोडली, असा अर्थ झाला.

मग एका भादव्यात एक रात्र असा पाऊस पडला की सकाळी तलावाचं पाणी चढत चढत काठावरच्या पाणी ओढायच्या मोटारींपर्यंत आलं. जो तो आपली मोटर ओढून घ्यायला धावला. एक तरणा गडी, लग्न ठरलेला, आपली मोटर काढायला गेला तो परत आला नाही. मोटर तिथंच होती, पाण्याखाली, दोरी बांधलेली. आमच्या गिरणीवर दळणाला आलेल्या बाईनं ही गोष्ट सांगितली. पत्र्यापलीकडं ठोकाठोक थांबली. कुणी फोन केला नव्हता. मिस्तरी न बोलावता निघाले. मीही ट्रॉलीत चढले. त्या गड्याची आई माझ्या ओळखीची, मी असले तर ऐकंल असं वाटलं.

काठावर मिस्तरी गाडी उतरवायला लागले, तर गड्याचा बाप आडवा आला.

"तुमाला कुणी बोलावलं?"

"दादा, वेळ जाऊ देऊ नका. मी एक चक्कर मारून येतो."

"आमचा पोरगा बीडला गेलाय. मोबाईल लागंना इतकंच."

आणि ती माय ट्रॉलीच्या चाकापुढं बसली. हात जोडले. "मिस्तरी, तुमच्या पाया पडते. गाडी पाण्यात टाकू नका. तुमी पाण्यात गेलाव की मढंच निघतं." मी तिच्या शेजारी बसून सांगितलं, विनवलं. तिनं माझा हात झटकला. भोवतीची माणसं मिस्तरींकडं असं बघत होती की जणू त्यांनीच काही केलं आहे. त्यांनी दोनदा हँडलला हात घातला, दोनदा सोडला. मग ट्रॉलीच्या काठावर बसून राहिले. पाणी मैलभर पसरलेलं, गढूळ, त्यात पलीकडच्या अंगाला बुडालेल्या बाभळींचे शेंडे. तिकडं एकटक बघत होते.

ऊन कललं तेव्हा भोई लोक थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी सोडवायला त्या बाभळींकडं गेले. तिथनं आरोळी आली. गड्यानं आपला सदरा फांदीला बांधून त्यात हात अडकवला होता. धरून बसला होता तो. भोयांतला एक म्हातारा काठावर आला नि हळूच म्हणाला, "अंग अजून ताठलं न्हाई." बास, एवढंच. मिस्तरींनी ते ऐकलं. मायनंही ऐकलं. तिचं ओरडणं मी सांगत नाही.

मिस्तरींनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर येऊन बसले. दाढी वाढलेली.

"आक्का, गाडी वाईट न्हाई. मी वाईट हाय त्यांना. मग मलाच काढतो मधून."

आणि ती गाडी, जिच्यासाठी त्या माणसानं उन्हाळेच्या उन्हाळे आंघोळी सोडल्या होत्या, ती त्यांनी तलावावर भोयांच्या झोपडीशी नेऊन लावली. भोयांच्या पोरांना चालवायला शिकवलं. लाल-पांढरा रंग खरवडून हिरवा दिला, म्हणजे ओळखू येऊ नये. "माझं नाव घेऊ नका," म्हणाले, "तलावाची गाडी म्हणा." त्यानंतर ते पाण्याकडं गेले नाहीत. काही बिघडलं तर भोई तो भाग पिशवीत घालून दुकानात आणायचे. मिस्तरी कार्बोरेटर मांडीवर घेऊन बसायचे, तान्ह्या लेकराचा कान साफ करावा तसे बारक्या तारेनं साफ करायचे. काळजी सगळी तीच, फक्त गाडी समोर नाही. पडवीत ताडपत्री घडी घालून ठेवलेली असायची. तिच्याकडं बघायचेही नाहीत.

मिस्तरी आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं, बीडच्या दवाखान्यात नेलं, तिथून आणलं ते झाकूनच. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. मधला पत्रा काढून नव्या दुकानदारानं काच बसवली आहे, गिरणी बंद असली की काचेत माझंच तोंड मला दिसतं.

पण ते जायच्या आधीच्या घटस्थापनेचं सांगायचं राहिलं.

नवरात्राच्या आधी आमच्याकडं घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा तलावावर नेऊन धुतात. पलीकडच्या वाडीची एक नवी सून वाकळ पिळायला गेली. भिजलेली वाकळ म्हणजे केवढं वजन, ती पाण्यात सरकली आणि तिच्याबरोबर ही सूनही. बाया ओरडल्या. भोयांनी गाडी घातली. तिनं ट्यूब धरली. काठावर आणून पालथी घातली, पाणी ओकली, आणि रडायला लागली. जिवंत!

वाडीनं भोयांना नारळ दिले, टोप्या दिल्या, जेवायला घातलं. मिस्तरींकडं कुणी आलं नाही. त्यांना बातमीसुद्धा माझ्याकडून कळली. हातातली कॉइल तशीच धरून बसले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "आक्का, एक काम कराल का? मी तिच्या दारात गेलो तर त्यांना बरं वाटणार न्हाई. तुमी बघून या. दळणाचं निमित्त काढा. धड हाय का, चालती-बोलती का, नीट बघा."

मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले. आले तर मिस्तरी गिरणीच्या दारात उभे.

"दिसली का?"

"दिसली."

"काय करीत होती?"

"सासूसंगं भांडत होती."

मिस्तरी माझ्याकडं बघतच राहिले. "कशावरनं?"

"ती वाकळ गेली ना पाण्यात, त्याच्यावरनं. सासू म्हणती माझ्या आईची वाकळ होती. सून म्हणती, मग तुमीच जायचं होतं आणायला."

"आसं म्हणाली?"

"आसंच. कमरंवर हात ठेवून."

"आवाज कसा हाय? घोगरा, बारीक?"

"आवो, गल्लीच्या तोंडाला रिक्षावाल्यानं मला इचारलं, मावशी, कोण वरडतंय म्हणून."

मिस्तरी पायरीवर बसले. तोंडावरनं हात फिरवला, हाताचा काळा रंग गालाला लागला. हसत होते का काय ते मला कळलं नाही.

"बसा आक्का," म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासनं सांगा."