पास्कू अंकलचा मुलामा

पास्कू अंकल कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी हाताशी येईल त्या लोखंडाच्या खालच्या अंगाने अंगठा फिरवत. खिडकीचा गज, खुर्चीचा पाय, काहीही. मग अंगठ्याला लागलेली तांबूस पूड घरवाल्याला दाखवून म्हणत, "आमच्या गावात लोखंडाक म्हातारपण नाय रे. तरण्यापणीच मरता."

मालवणात आमच्या घरामागे त्यांचं घर, आणि त्यांच्या घरामागे समुद्र. बाजारातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालेनासं झालं तेव्हा त्यांनी ते उचलून घराच्या पडवीत आणलं. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ, अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर घेऊन गोव्याहून कुणी कुणी हौशी माणसं येत. त्यातलं बिघडलेलं अंकल दुरुस्त करीतच, पण त्यांचा खरा जीव होता आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला तो पत्रा ते घासूनपुसून लख्ख करत आणि त्यावर तांब्याचा मुलामा चढवत.

सुपारीवर फवारायचा मोरचूद पाण्यात विरघळवून ते निळं पाणी एका टबात भरलेलं असे. त्यात एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला तांब्याचा तुकडा, आणि दोन्हींना बॅटरी चार्जरच्या वायरी. मी एकदा विचारलं, "अंकल, लोखंड नुसतं बुडवलं तरी लाल होतंच की. मग वीज कशाला?"

"लाल जाता, पण फडक्यान पुसलंस की गेला. घायघायन केलेली सोयरीक ती! आधी निकेलचो पातळ हात दिवचो, मगे सावकाश तांबो."

तांबं संपलं तेव्हा त्यांनी आपल्या आईचा हंडा कापला. मर्यान आंटी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "सासूबायन त्या हंड्यान सगळ्या घराक पाणी पाजल्यान," त्या मला म्हणाल्या, "आणि ह्या माणसान तो रेडियोच्या पोटात घातल्यान." अंकल मात्र शांत. "आवाजाक पाय टेकाक जमीन व्हयी, दिगू. ती जमीन म्हणजे ह्यो तांबो."

माझ्या वडिलांचा बंद पडलेला रेडिओग्राम मी त्यांच्याकडे दिला तो वडील गेल्यावर. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी कपाटात. वडिलांनी तो फार हौसेने घेतला होता, आणि मला तो एकदा तरी वाजलेला ऐकायचा होता. अंकलनी वर्षभर घेतलं. मी ओरोसचं ऑफिस करून संध्याकाळच्या एस.टी.ने परतलो की पडवीत डोकवायचो. सांगाडा नव्या नवरीसारखा झळकत होता. एवढं सुंदर काम त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

मग त्यांनी मला बोलावलं. रेकॉर्ड लावली, सुई ठेवली. गाणं आलं, पण त्याच्या अंगावर बसलेली एक जाड घुरघुर घेऊन. पाण्याच्या पंपासारखी. गाणारीचा शब्द कळेना. अंकल सांगाड्यावर तळहात ठेवून डोळे मिटून बसले होते, तोंडावर समाधान. त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या आंटींनी मला मानेनेच खुणावलं, बोलू नको. पण तेवढ्यात अंकलनी डोळे उघडले आणि माझा चेहरा पाहिला.

"खरां सांग. घुरघुरता?"

"होय, अंकल."

त्यांनी बटण बंद केलं. आंटी पुढे आल्या. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "तुका आयकाक येयना, पास्कू. कधीपासून सांगतंय, डॉक्टराकडे चल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कान जसजसे जात होते तसतसा मुलामा सुंदर होत गेला होता. डोळ्यांना दिसेल तेवढंच काम आता त्यांच्या ताब्यात राहिलं होतं.

कुडाळच्या डॉक्टरांनी कानात यंत्र दिलं. त्यातून त्यांना भांड्यांचा खणखणाट तेवढा टोचायचा, गाणं म्हणजे पत्र्यावर ओतलेले खडे. ते काढून ठेवून त्यांनी मला सांगितलं, "आता तू माझे कान हो." दर रविवारी मी रेडिओग्रामसमोर बसू लागलो. ते एखादी वायर हलवत, एखादा भाग बदलत आणि माझ्याकडे बघत. मी हाताने दाखवायचो, कमी, जास्त. "कमी म्हणजे कितको? वयलो आवाज की खालचो?" मला सांगता येत नसे. ज्याला आयुष्यभर नुसत्या आवाजावरून बिघाड कळत होता, त्याला मी बोटांनी काय दाखवणार? पावसाळाभर आम्ही झटलो. घुरघुर गेली नाही. तांब्याच्या कडांना हिरवट डाग मात्र दिसू लागले.

एका रविवारी ते म्हणाले, "घेवन जा रे तुजो रेडियोग्राम. दिसाक बरो आसा." त्यानंतर त्यांनी पडवीतलं टेबल आवरलं आणि गोव्याच्या माणसांना परत पाठवू लागले.

शेवटी ते आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेलो. एव्हाना त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. बोलणाऱ्याच्या ओठांवरून ते अर्थ लावत. मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, "वाजता काय रे?"

रेडिओग्राम घरी नेल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडला होता. मी म्हटलं, "वाजता, अंकल. आता अजिबात घुरघुरत नाय."

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"खोटां बोलताना तुजे व्होंठ हळू हलतत," ते म्हणाले. "पयलेंदा बघलंय आज."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांच्यापर्यंत पोचायला कुणाला वाटच उरत नसे. आंटींनी त्यांच्या अंगावर चादर ओढली. चारच दिवसांनी, पहाटे, पास्कू अंकल गेले.